कच्चा टाका

ज्ञानू मिरजेत आला तो बहात्तरच्या दुष्काळात. आटपाडीच्या माळावर त्याच्या बापाची, धुळाची, दीडशे मेंढरं होती. चाऱ्यापाण्यावाचून निम्मी गेली, उरलेली विकावी लागली, आणि एकवीस वर्षांचा ज्ञानू एका ट्रकच्या टपावर बसून मिरजेला उतरला. मोटारींच्या बॉड्या बांधणाऱ्या गॅरेजात त्याला काम मिळालं. तिथं त्याला कळलं की पत्रा आपलं ऐकतो. लोकर कातरणारी बोटं हातोडी धरायला लागली, आणि तीन वर्षांत अशी गत झाली की चेपलेली गाडी दारात आली की मालक विचारायचा, ज्ञानू कुठाय?

त्याच गॅरेजात धनाजी आला. मलकापूरचा, घरचं उसाचं रान, ज्ञानूपेक्षा सहा वर्षांनी मोठा. लष्करात मोटारी दुरुस्त करून परतला होता आणि शेतात त्याचं मन रमत नव्हतं. छावणीत असताना त्यानं कुठल्याशा साहेबाची दोन माणसांची, जमिनीला पोट टेकवून पळणारी गाडी उघडून परत जोडली होती. तेव्हापासून त्याच्या डोक्यात तेच. तसली गाडी आपण बांधायची. इंजिन तो बघणार, पत्रा ज्ञानूनं बघायचा.

दीड वर्ष ते दोघं रविवार आणि सणवार त्या गाडीवर खपले. भंगारातनं हेराल्ड मोटारीचा सांगाडा आणला, फियाटचं इंजिन आणलं. मागचे दिवे स्कूटरचे. अंग सगळं ॲल्युमिनियमचं, वाळूच्या पोत्यावर ठोकून ठोकून ज्ञानूनं घडवलेलं. पुढचं नाक त्यानं पाच वेळा मोडून केलं. स्टिअरिंगचं चाक लाकडाचं हवं म्हणून धनाजी हटून बसला, तेव्हा ज्ञानू सतारी करणाऱ्यांच्या गल्लीत गेला आणि एका कारागिराकडनं सतारीच्याच लाकडाचं चाक करून आणलं, वर पांढऱ्या पानांची नक्षी. गाडी उभी राहिली तेव्हा तिला नाव काय द्यायचं यावर दोघांचं भांडण झालं आणि नाव राहूनच गेलं.

सत्त्याहत्तरच्या फेब्रुवारीत एका पहाटे धनाजी एकटाच ती घेऊन कऱ्हाडच्या रस्त्याला लागला. लांब पळवून बघतो, दुपारपर्यंत येतो, म्हणाला. तो दुपारी आला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. पाचव्या दिवशी निरोप आला की ट्रॅक्टरवरनं पडून धनाजीचा पाय मोडलाय. ज्ञानू मलकापूरला धावला. धनाजी बाजेवर होता, पायाला प्लास्टर. ज्ञानूनं पायाचं विचारलं, मग गाडीचं.

"इकली," धनाजी म्हणाला. "गिऱ्हाईक मिळालं, दिऊन टाकली."

ज्ञानूला आधी वाटलं, चेष्टा करतोय. मग त्यानं दोनदा, तीनदा विचारलं. धनाजी भिंतीकडं तोंड करून पडला. ज्ञानू तसाच उठून एस्टीला आला.

पुढं ज्ञानूचं स्वतःचं दुकान झालं. मोटारींना त्यानं परत हात लावला नाही. मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही, त्यांना खाटा लागतात, सलाइनचे स्टँड लागतात, ढकलगाड्या लागतात. ज्ञानूच्या जोडकामाचं, वेल्डिंगचं, नाव झालं. त्याची खाट कुरकुरत नाही, असं लोक म्हणायचे. लग्न झालं, पोरी झाल्या, नांदायला गेल्या, बायको गेली. या सगळ्यात धनाजीबद्दलचा राग तेवढा होता तसाच राहिला. दुकान झालं त्याच वर्षी कऱ्हाडात एका लग्नाच्या पंगतीत दोघं समोरासमोर आले, तेव्हा ज्ञानू भर पंगतीत त्याला चोर म्हणाला. धनाजीनं भरल्या ताटाला नमस्कार केला आणि लंगडत निघून गेला. दोन वर्षांमागं तो वारल्याचा फोन आला, तेव्हाही ज्ञानूनं "बरं" म्हणून फोन ठेवला आणि हातातली खाट पुरी केली.

गेल्या उन्हाळ्यात दुकानात एक मुलगी आली. प्रांजल नाव, पुण्याची. जुन्या मोटारींचा शोध घेऊन त्यांची नोंद करण्याचं तिचं काम. तिनं सांगितलं की एक गाडी सापडली आहे, आणि ती कुठली हे कुणालाच सांगता येत नाही. कंपनीचं नाव नाही, सांगाड्यावरचा नंबर घासलेला. परदेशातल्या जाणकारांना फोटो पाठवले, तर एक म्हणाला इटलीची असणार, कुणा श्रीमंतानं एकच बनवून घेतलेली; दुसरा म्हणाला इंग्लंडची. प्रांजलचं मन मात्र स्टिअरिंगवरच्या पांढऱ्या पानांवर अडलं होतं. तसलीच पानं तिनं एका सतारीवर पाहिली. म्हणून ती मिरजेत आली. तिथल्या एका म्हाताऱ्या कारागिरानं फोटो डोळ्यांजवळ धरला आणि सांगितलं, हे आमच्या वडलांचं काम आहे, ज्ञानू पत्रेवाल्यानं करून नेलं होतं.

तिनं फोन पुढं केला. ज्ञानूनं चष्मा पुसला. पाच वेळा मोडून केलेलं ते नाक त्यानं लगेच ओळखलं.

"कुटं हाय ही?" त्यानं विचारलं.

"मलकापूरला. शिवतेज म्हणून आहेत, त्यांच्या आजोबांच्या रानातल्या शेडमध्ये. आजोबा गेल्यावर कुलूप तोडलं, तेव्हा दिसली."

ज्ञानूनं आजोबांचं नाव विचारलं नाही. दुकानाचं शटर ओढलं आणि तिच्या गाडीत जाऊन बसला.

वाटेत त्याच्या मनात एकच घोळत होतं: म्हणजे विकली नव्हतीच. मला फसवून एकट्याला ठेवून घेतली. पन्नास वर्षं जवळ घेऊन बसला. राग इतका ताजा होऊन वर आला की प्रांजलनं त्याला पाणी हवं का म्हणून विचारलं.

शेड उसाच्या मधोमध होती. धनाजीचा नातू शिवतेज किल्ली घेऊन उभा होता. आत गाडी चार लाकडी ओंडक्यांवर चढवलेली, खाली माती लागू नये म्हणून. अंगावर धूळ होती, पण सांगाड्यालाही गंज कुठं नव्हता; कुणीतरी वर्षानुवर्षं तेलाचा हात फिरवल्यासारखी. नाकाची डावी बाजू तेवढी चेपलेली. पुढचं डावं चाक नको त्या बाजूला वळून राहिलेलं.

प्रांजलनं विचारलं की तुम्ही बनवल्याची काही खूण सांगता येईल का. खूण सोपी होती. ज्ञानू प्रत्येक जोडाच्या शेवटाला एक गोल टाका मारायचा, तांदळाएवढा. तो शिवतेजच्या खांद्याला धरून खाली बसला, मग पाठीवर आडवा झाला आणि बॅटरी घेऊन गाडीखाली सरकला. एक टाका सापडला, दुसरा सापडला. तो बाहेर ओरडून सांगत होता, हा बघा, हा बघा. प्रांजल लिहून घेत होती.

मग तो स्टिअरिंगच्या खाली सरकला.

स्टिअरिंग ज्या पट्टीवर सांगाड्याला धरलेलं होतं, ती पट्टी सुटून लोंबत होती. ज्ञानूनं बोट लावून बघितलं. गंजानं नव्हती तुटली. जोड वरवर बसला होता, आत धरलाच नव्हता. शेवटाला तांदळाएवढा टाका नव्हता.

मग त्याला ती संध्याकाळ आठवली. गॅस संपत आला होता, ज्योत पिवळी पडायला लागली होती. आता धरून ठेवतो, उद्या नवी टाकी आली की पक्का मारतो, असं तो स्वतःशीच म्हणाला होता. दुसऱ्या दिवशी दुसरं काम निघालं. धनाजीला सांगायचं राहिलं. आपलंही ध्यान राहिलं नाही.

धनाजी कसला ट्रॅक्टरवरनं पडतोय. स्टिअरिंग हातात फिरलं असेल आणि गाडी गेली असेल तशीच समोर. लष्करातला मिस्त्री तो. बाहेर ओढून काढल्यावर पडल्यापडल्याच त्यानं गाडीखालची हीच पट्टी बघितली असणार.

शिवतेजनं दोनदा हाक मारली, तेव्हा ज्ञानू बाहेर आला. डोळ्यांत धूळ गेली म्हणाला. प्रांजलनं वही उघडली आणि बनवणाऱ्याचं नाव काय लिहू म्हणून विचारलं. त्यानं धनाजीचं नाव आधी लिहायला सांगितलं, खाली आपलं.

"आनी ह्ये बी लिवा," तो म्हणाला. "स्टिअरिंगचा टाका कच्चा हुता. ज्ञानूनं मारल्याला."

प्रांजल म्हणाली, याची नोंदीत गरज नसते, आणि तो जोड पुण्यात दुरुस्त करून घेता येईल. तो म्हणाला, करा की. पण लिवा.

घरात धनाजीची बायको सुलाबाई जोंधळे निवडत बसली होती. ज्ञानूला बघून तिनं पदर सारखा केला, या भावजी म्हणाली, सुनेला चहा टाकायला सांगितला. जणू तो महिन्यामागंच येऊन गेला होता. ज्ञानू उंबऱ्याच्या आतच खाली बसला.

"वयनी, तुमाला ठावं हुतं?"

"मला न्हाई तर कुनाला," सुलाबाई म्हणाली. "छकड्यात घालून रातीचं आनलंतं त्यास्नी. गाडी दुसऱ्या दिशी वडून आनली. मी म्हनलं, ज्ञानूभावजीस्नी सांगा. तर म्हनलं, कारागिराचा हात हाय, एकदा भ्याला का परत बसत न्हाई. दोन वर्सांनी सांगू, दुकान हूं दे त्येचं."

"मग?"

"मग तुमी चोर म्हनला."

सुपातला एक खडा तिनं बाजूला टाकला. आवाजात राग नव्हता, म्हणून ज्ञानूला ते जास्त लागलं. दसऱ्याला ट्रॅक्टरचा हार आणला की गाडीचा वेगळा आणायचे, ती सांगत होती. महिन्यातनं एकदा तेलाचा हात. आत कुणाला येऊ देत नव्हते. शेवटी शेवटी लंगडा पाय फार दुखायचा, तरी काठी टेकत जायचे.

चहा आला. ज्ञानूनं बशी खाली ठेवली. मातीला आलो नाही, तो म्हणाला. व्हय, सुलाबाई म्हणाली, वाट बघितली. लोक उचला म्हणत होते, मी थांबा म्हणत होते.

मग तीच म्हणाली,

"त्येंच्या शेवटच्या दुखन्यात मिरजंतच हुतो की आमी. अकरा दिस. तुमच्या दुकानाच्या फुडनंच दवाखान्यात जायचे मी डबा घिऊन. एक दिस आत आले. तुमी जोडकाम करत हुता, तोंडाला काच लावलीती. लय जीव लावून करत हुता. मी हुबी ऱ्हायले, आनी मागारी फिरले."

"हाक का न्हाई मारली, वयनी?"

सुलाबाईनं सूप हलवलं, जोंधळे एका बाजूला आले.

"मारायला पायजे हुती," ती म्हणाली. "त्यास्नी जाऊन सांगितलं, भावजी कामात हायती. तर हसले. चांगलं हाय म्हनलं."

तिकडं शेडात प्रांजल फोटो काढत होती, शिवतेज गाडीच्या नाकावरची धूळ फडक्यानं पुसत होता. सुलाबाईनं गार झालेला चहा उचलून नेला आणि दुसरा टाकायला सांगितला. ज्ञानूनं नको म्हटलं नाही.