सत्यभामाकाकू आणि पिवळ्या मुंग्या

चेरीताल मोहल्ल्यात आमच्या शेजारी सत्यभामाकाकू राहतात. काका गेले त्याला नऊ वर्षं झाली. मुलगा योगेश पुण्याला, त्याचा संसार तिकडेच. रोज सकाळी पूजा आटोपली की काकू पेरूच्या बुंध्याशी मुंग्यांसाठी मूठभर कणीक-साखर टाकायच्या. माहेरची सवय. मुक्या जीवाच्या तोंडी घास पडला की दिवस बरा जातो, म्हणायच्या.

दोन वर्षांपूर्वी तिथे पिवळ्या, लांब पायांच्या मुंग्या दिसायला लागल्या. रांगेत चालत नाहीत, सैरावैरा धावतात. काकू म्हणाल्या, "पाहुण्या आल्या," आणि एकाच्या दोन मुठी टाकायला लागल्या.

हळूहळू जुन्या काळ्या मुंग्या दिसेनाशा झाल्या. पेरूच्या पानांखाली कापसासारखी पांढरी कीड धरली, पानं चिकट, काळी पडली. वांग्यांचंही तेच. यंदा तर मुंग्या घरात शिरल्या. पिठाच्या डब्यात, फ्रीजच्या रबरात, अंथरुणात. समोरची सलोनी कुंपणावरून म्हणाली, "चाची, आपके मेहमान हमारे यहाँ भी आ गए." काकू हसल्या नाहीत.

योगेशला कळलं तसा तो रोज फोन करायला लागला. "आई, घर विकून टाकू. इकडे ये."

"तिकडं मी कोणाशी बोलू? लिफ्टशी?"

मला मात्र म्हणाल्या, "मुंग्या गेल्या नाहीत तर दिवाळीला येऊन तो मला घेऊनच जाते वं. मला तर याच दारातून जायचं होतं."

माझी भाची सुमेधा शेतकीचं शिकते. तिला बोलावलं. तिने पान उलटून पाहिलं. "काकू, ही बाहेरून आलेली जात आहे. पांढऱ्या किडीचा गोड रस या पितात, म्हणून तिला राखतात. काळ्या मुंग्यांना यांनीच हाकललं."

"अन् मी यांना जेवू घालून राहिली होती?"

सुमेधाने हातातलं पान सोडलं. मग उपाय सांगितला. साखरेच्या पाण्यात थोडीशी बोरिक पावडर कालवायची, कापसाचे बोळे भिजवून मुंग्यांच्या वाटेवर ठेवायचे. तो घास त्या घरी नेतात अन् सगळ्यांना भरवतात.

चार दिवस काकूंनी काही केलं नाही. पाचव्या दिवशी मला हाक मारली. "पाप लागंल का वं?"

"मला खरंच माहीत नाही काकू. देवाला सांगून करा."

"त्याला काय सांगू? तो पाहूनच राहिला."

मी बोळे ठेवायला पुढे झाले तर त्यांनी माझा हात बाजूला सारला. एकेक बोळा स्वतः ठेवला. त्या दिवशी जेवल्या नाहीत.

दोन महिने बोळे बदलत राहिल्या. शेवटी मुंग्या गेल्या. दिवाळीच्या आधी योगेशने फोनवर विचारलं, "मुंग्या?"

"नाहीत आता."

"चलो, टेन्शन गेलं. मग तू आरामात राहा तिथंच. आम्ही उन्हाळ्यात बघतो कसं जमतं ते."

काकू "हो" म्हणाल्या.

आता त्याचा फोन रविवारी येतो, तोही एखाद्या रविवारी चुकतो. परवा मी भाजी द्यायला गेले तर काकू फोन हातात धरून बसल्या होत्या.

"परत आल्या मुंग्या, असं सांगावं का त्याला?" मला विचारलं. मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, "नको. खोटं काहून बोलायचं."

मी भाजी ओट्यावर झाकून ठेवली. मग घरी कुकर लावायचा होता, म्हणून उठले.