लेफ्टनंट झिसिस यांचं पहिलं पत्र

माझे यजमान, झिसिस बालतास, मेंढपाळाच्या घरात जन्मले आणि कॅप्टन म्हणून निवृत्त झाले. अठराव्या वर्षी शिपाई झाले, सरहद्दीवर दरोडेखोरांच्या मागे वीस वर्षं डोंगर तुडवले, तेव्हा कुठे लेफ्टनंटपद मिळालं. लिहिता-वाचता येत नव्हतं. अहवाल कंपनीचा कारकून लिही. यांनी फक्त सही घोटून ठेवली होती.

१८७४च्या मार्चमध्ये आम्ही सरहद्दीजवळच्या लामिया गावी होतो. स्पेर्खिओस नदी ओलांडताना लुकास नावाचा शिपाई दोर धरून पाण्यात उभा राहिला. बाकीचे पार झाले आणि तो वाहून गेला. प्रेत सापडलं नाही. कारकुनाने 'बेपत्ता' असं लिहून कागद वर पाठवून दिला. बेपत्ता शिपाई म्हणजे दरोडेखोरांना मिळालेला, असंच लोक धरत. लुकासची आई मालामो स्कोपेलोस बेटावर एकटी राहत होती. मृत्यूनंतरच्या चाळिसाव्या दिवशी, रिवाजाप्रमाणे, मुलाच्या नावाने गहू उकडून चर्चमध्ये वाटायचीसुद्धा तिला चोरी झाली असती.

"मी लिहून देते," मी म्हटलं. लहानपणी तिनोस बेटावर सिस्टरांच्या शाळेत माझं अक्षर वाखाणत.

"नको, मार्गारो. दोर त्याच्या हातात मी दिला. मीच सांगायला हवं. मला शिकव."

"या वयात? आणि चाळिसावा थांबणार आहे का तुमच्यासाठी?"

"तू बोलत बसलीस तर नाहीच थांबायचा."

त्याच संध्याकाळी धडा सुरू झाला.

"अहो, टाक आहे तो. तलवारीसारखा काय धरलाय?"

"मग काय बकरीच्या शिंगासारखा धरू?"

माझ्या वहीत नोंद आहे: पहिल्या आठवड्यात सात टाक मोडले. एकविसाव्या दिवशी पत्र झालं. अक्षरं खाली घसरत गेली होती. मी एकही सुधारलं नाही.

'मालामोबाई, तुमचा लुकास पळाला नाही. नदीत बुडाला. दोर मी दिला. त्याने सोडला नाही. आम्ही अकरा जण वाचलो.'

पत्र नेणारी बोट चाळिसाव्याआधी बेटावर पोचली. मे महिन्यात गावच्या पाद्रीबाबांचं उत्तर आलं. झिसिसनी ते मला वाचू दिलं नाही. अक्षरांवर बोट ठेवत स्वतःच वाचलं. पत्र चर्चमध्ये सगळ्यांसमोर वाचलं होतं, गहू वाटला होता, कोणी घेतल्यावाचून गेलं नव्हतं. शेवटी लिहिलं होतं: 'आई विचारते, पाणी फार गार होतं का?'

मार्चमध्ये त्या नदीला डोंगरावरचं वितळलेलं बर्फ येतं. झिसिसनी दौत जवळ ओढली. मग टाक बुडवला आणि मला काही न विचारता लिहिलं, 'नाही.'