थोरल्या दिराचं नाव

बुबुसाराला तिच्या थोरल्या दिराने दुभती घोडी दिली आणि म्हणून ती केनेशमध्ये, म्हणजे आमच्या गावपंचायतीत, गप्प बसली, असं आमच्या गावात झऱ्यापासून गिरणीपर्यंत सगळे सांगत होते. घोडी तिच्या अंगणात बांधलेली होती हे खरं. पण ती घोडी माझी. माझं कुंपण मोडलं होतं म्हणून मी ती शेजारी नेऊन बांधली होती. हे मी लगेच सांगायला हवं होतं, पण घोडीच्या आंबवलेल्या दुधाचं कुमिस पिता पिता लोक त्या घोडीला रोज नवा रंग देत होते, तो ऐकण्यात मी थोडी रमले. नंतर सांगितलं. तेव्हा कुणाला फारसं ऐकायचं नव्हतं.

बुबुसारा माझी कुंपणापलीकडची शेजारीण. घाटापलीकडच्या गावातून लग्न होऊन आली. लोकरीचे नमदे करते, आणि ते टिकतात. गावात तिची ओळख मात्र आवाजाची. संध्याकाळी ती दारात उभी राहून गाईला हाक मारते आणि वरच्या कुरणातल्या दुसऱ्यांच्याच गाई घरी यायला निघतात. केनेशमध्ये बायकांसाठी जागा राखून ठेवायचा नवा कायदा आला तेव्हा खालच्या आळीतल्या बायका म्हणाल्या, "आपल्याला हाच आवाज पाहिजे."

खालच्या आळीला हवी होती बालवाडी. इमारत आहे, छप्पर शाबूत आहे. पण बरीच वर्षं ती भाड्याने गेलेली, आणि आत छतापर्यंत गवताचे भारे. बायका दूध काढायला जाताना लहान पोरांना पलंगाच्या पायाला ओढणीने बांधून जातात. बुबुसारा दारोदार फिरली. "मला मत द्या, ते गवत मी बाहेर काढते," म्हणाली. निवडूनही आली.

ते गवत सागीनबेकचं. सागीनबेक म्हणजे तिच्या नवऱ्याचा, इशेनचा, थोरला भाऊ. सभेत पहिल्या बाकावर बसणारा, टोपी गुडघ्यावर ठेवणारा माणूस.

आता आमच्याकडची सून थोरल्या दिराचं नाव घेत नाही. सासऱ्याचंही नाही. दिराशी बोलायची वेळ आली तर 'आके', म्हणजे दादा, म्हणायचं. मीसुद्धा माझ्या दिराला आजवर 'उंच माणूस' म्हणत आले, आणि तो माझ्या खांद्याला लागतो. घरात त्याने काही अडत नाही. सभेत अडलं.

बुबुसारा उभी राहिली, बालवाडीचं सगळं नीट बोलली. अध्यक्ष तोकोन म्हणाला, "ठीक आहे. भाडेकरार कुणाचा रद्द करायचा? ज्याने ठराव मांडला त्याने नाव घेऊन सांगायचं, नाहीतर ठराव धरत नाही."

"मोठ्या घरातल्यांचा," ती म्हणाली.

"मोठी घरं पुष्कळ आहेत."

"ते... तांबड्या घोड्यावर येतात ते."

मागून कुणीतरी ओरडलं, "म्हणजे घोड्याचा करार रद्द करायचा का?" सभागृह हसून लोळायला लागलं. सागीनबेक हसला नाही. तो नुसता तिच्याकडे बघत राहिला, शांतपणे, सून चहा कधी ओततेय याची वाट बघावी तसा. बुबुसाराच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, ओठ हलले, आवाज आला नाही. आणि ती खाली बसली. तोकोन म्हणाला, "पुढचा विषय."

दुसऱ्या दिवशी झऱ्यावर अनारकूल उभीच होती. तिचा नवरा निवडणुकीत बाहेर राहिला होता. बादली भरून झाली तरी ती हलेना. मला सगळ्या एजे म्हणतात, म्हणजे ताई. बुबुसारा दिसताच मला म्हणाली, पण अशी की पलीकडच्या काठावर ऐकू जावं, "एजे, माझ्या माणसाला हिच्याहून जास्त मतं होती हं! बायकांची जागा म्हणून तो बाहेर बसला न् ही आत गेली. आणि आत जाऊन केलं काय? बसली!"

बायका हसल्या. हिला मत दिलेल्यासुद्धा हसल्या. बुबुसाराने अर्धीच बादली उचलली आणि गेली.

त्यानंतर ती झऱ्यावर यायची बंद झाली, तबेल्यांच्या मागून लांबच्या ओढ्यावर जायला लागली. ब्रेड आणायला इशेन. बारशाला बोलावणं होतं, तिने तळलेल्या बोरसोकांचं ताट पाठवलं, स्वतः नाही गेली. आणि गाईला हाक मारणं बंद. चढ चढून कुरणात जायची आणि दोरी धरून गाय खाली आणायची. इतका आवाज असलेली बाई मुकाट्याने गाय ओढत नेतेय हे बघून माझ्यासारखीलाही थट्टा सुचेना.

तरी मी गेले. चहा झाला, साय झाली. म्हटलं, "चल, सराव करू. म्हण, सा..."

तिने रुमालाचं टोक तोंडात कोंबलं. "एजे, नको ना!"

"अगं इथे कोण आहे? मी आणि चुलीवरची किटली."

"मला घरात एकटीला पण येत नाही," ती म्हणाली. "सासूबाई आठवतात. भाकरी थापत शिकवलं होतं त्यांनी, कुणाला काय म्हणायचं ते."

इशेन दारात बूट काढत होता. बिचारा भला माणूस. म्हणाला, "एवढंच ना? पुढच्या सभेला मी येतो. तुझ्या वतीने मी नाव घेतो. माझाच भाऊ आहे."

ती पटकन म्हणाली, "मग खुर्चीवर पण तूच बस की!" आणि लगेच खाली बघितलं. टेबलावरचे ब्रेडचे तुकडे गोळा केले. मग मला म्हणाली, "परवा ओढ्यावरून येताना तुर्सुनाईच्या खिडकीतून पोर दिसलं. पायाला ओढणी. मला ओळखून हसलं ते. मी तोंड फिरवलं, एजे. एवढ्याशा पोरापासून."

मी साय संपवली.

पुढच्या सभेला ती आली तेव्हा रुमाल कपाळाच्या खूप खाली ओढलेला होता. खालच्या आळीतल्या तीन-चारजणी मागे भिंतीशी उभ्या, अनारकूल तर मजा बघायला सगळ्यांच्या पुढे. बुबुसाराने ठराव पुन्हा मांडला. तोकोनने मिशीत हसत पुन्हा विचारलं, "नाव? आणि बापाच्या नावासकट बरं का. कागदोपत्री पूर्ण लागतं."

बाप म्हणजे तिचा सासरा. मी मनात म्हटलं, संपलं.

बुबुसाराने मान खाली घातली, इतकी खाली की हनुवटी छातीला टेकली, दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली. आणि गाईला मारायची ती हाक आली. "ओस्मोनचा मुलगा सागीनबेक!" एका दमात थोरला दीर आणि कबरीतला सासरा, दोघेही. बाहेर कुत्री भुंकायला लागली. आत कुणी हसलं नाही.

हात वर गेले, काही मांडीवरच राहिले. वर गेलेले जास्त निघाले. तोकोनला ते मोजून सांगावंच लागलं, आणि मग तो सागीनबेकला म्हणाला, "बालवाडीची किल्ली जमा करा."

सागीनबेक उठला. किल्ली खिशातून काढली, पण मूठ उघडेना. टोपी डोक्यावर घालून तो तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. "माझ्या बापाचं नाव," तो म्हणाला, "भर सभेत, सुनेच्या तोंडून! लाज नाही वाटत?"

तिने मान वर केली नाही. नुसता हात पुढे केला.

"वाटते ना, आके. म्हणून तर मान खाली घालून नाव घेतलं. आता किल्ली द्या."