आईची बिनमिठाची खिचडी

आमच्या चर्चच्या मंडळीत आजारी पडलेलं माणूस फार दिवस अंथरुणावर राहत नसे, आणि याचं श्रेय प्रार्थनेइतकंच माझ्या आईच्या खिचडीला होतं. खिचडीचा पहिला डबा आला की माणूस उशीला टेकून बसायचं. दुसरा आला की अंगणात फिरायला लागायचं. तिसऱ्या डब्याची वेळ सहसा येत नसे, कारण तोवर माणूस कामावर रुजू झालेलं असायचं.

त्या खिचडीत मीठ नव्हतं. कमी नव्हतं, नव्हतंच. आई तरुण असताना आमच्या जुन्या पाळकसाहेबांना रक्तदाबाचा त्रास झाला, डॉक्टरांनी मीठ बंद केलं, आणि आईने त्यांच्यासाठी मऊ, पिवळी, बिनमिठाची खिचडी केली. पाळकसाहेब बरे झाले. तेव्हापासून मंडळीत कोणाचा पाय मुरगळो, कोणाला कावीळ होवो की कोणाचं बाळंतपण असो, आईचा डबा तोच. (रक्तदाब एकाचा, पथ्य सगळ्या मंडळीला!) पण ऊन असो, पाऊस असो, आई डबा स्वतः घेऊन जायची. रिक्षा मिळाली नाही तर नाशिक रोडपासून सातपूरपर्यंत दोन बस बदलून जायची. समोरच्याने शेवटचा घास घेईपर्यंत शेजारी बसून राहायची. त्यामुळे खिडकीतून टाकायचीही सोय नव्हती.

आमची मंडळी लहान. नाशिक रोडच्या मागच्या कॉलनीत एक छोटं देऊळ (आम्ही चर्चला देऊळच म्हणतो) आणि त्यात सगळी मिळून वीसेक घरं, त्यातली निम्मी नोटांच्या प्रेसमधून किंवा शाळेतून रिटायर झालेली. आम्ही प्रेस्बिटेरियन. आमच्यात बिशप नसतो, सगळे निर्णय मंडळीने निवडलेले वडील एकत्र बसून घेतात. बायकाही वडील असतात, आणि टकलाशिवाय काहीच न कमावलेली माझ्यासारखी माणसंही असतात. सूचक लागतो, अनुमोदक लागतो. मग हात वर करायचे आणि ठराव झाला. एकदा झालेला ठराव दुसऱ्या ठरावाशिवाय हलत नाही. देवळातला पंखा गेली कित्येक वर्षं एकाच वेगाने फिरतोय, कारण तो वाढवायच्या ठरावाला अनुमोदक मिळाला नाही.

अशा मंडळीत एक दिवस आईच अंथरुणाला खिळली.

पोटात गाठ निघाली. डॉक्टर सरळ बोलणारे होते. मला बाहेर नेऊन म्हणाले, "ऑपरेशन करता येईल, पण अंगात ताकद पाहिजे. आत्ता टेबलवर घेतलं तर उठायच्या नाहीत. घरी न्या, खाऊ घाला. वजन वाढलं तर परत आणा."

"आणि नाही वाढलं तर?"

"खाऊ घाला," ते पुन्हा म्हणाले.

म्हणजे सगळं आईच्या खाण्यावर आलं होतं, आणि आईने तर जेवणाकडे पाठ फिरवली होती. चहाचे दोन घोट, बिस्किटाचा कोपरा, की भिंतीकडे तोंड. माझी बायको एस्तेर रोज काहीतरी नवीन करायची आणि रोज झाकून ठेवायची. मला रात्रंदिवस भीती वाटायची. ती मी कोणाला सांगितली नाही, कारण आमच्या घरात भीती वाटली की ताबडतोब प्रार्थनासभा ठरते.

रविवारी उपासना झाल्यावर वडीलमंडळी बसली. पाळकसाहेब अध्यक्ष. लीलाकाकू भालेराव म्हणजे महिला मंडळाच्या सर्वेसर्वा, त्यांनी पदर खोचून सूचना मांडली, "सुमनने सगळ्यांचं केलं. आता आपली पाळी. रोज एका घरून डबा जाईल."

"डब्यात काय?" साळवेकाकांनी विचारलं. साळवेकाका मुद्द्याचे.

"काय म्हणजे? तिचीच खिचडी. तिने आपल्याला जी प्रेमाने घातली तीच आपण तिला घालायची. बिनमिठाची. तिला तीच आवडत असणार, नाहीतर इतकी वर्षं कोण करेल?"

हे ऐकून सगळ्यांचे डोळे भरून आले. रूथमावशींनी चष्मा काढून पुसला. पाळकसाहेबांनी विचारलं, "अनुमोदक?"

हात वर केला तो मी. पोटचा मुलगा.

सोमवारपासून खिचडी सुरू झाली. लीलाकाकूंची तमालपत्र घातलेली, रूथमावशींची पेजेसारखी पातळ, साळवेकाकूंची चमचा उभा राहील अशी घट्ट. चवीत मात्र ठरावाप्रमाणे काडीचा फरक नव्हता. डबा आणणारा आईजवळ बसायचा (हेही तिच्याचकडून शिकलेलं), आई दोन चमचे गिळायची, "छान झालीय" म्हणायची, आणि ते माणूस गहिवरून घरी जायचं. जिना उतरल्याचा आवाज आला की आई ताट सरकवायची.

"सुनील, तू खा. टाकू नको. मंडळीचं आहे."

मी खायचो. सकाळी आदल्या दिवशीची, दुपारी ताजी, संध्याकाळी उरलेली. ज्या घरात वजन वाढायला हवं होतं त्या घरात ते वाढत होतं, फक्त चुकीच्या माणसाचं.

त्यात आणखी एक रीत आडवी आली. आमच्याकडे आलेला डबा रिकामा परत करत नाहीत. एरवी एस्तेर काहीतरी गोड भरून देते, पण दवाखाना, औषधं आणि तिची शाळा यांत तिला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. फ्रीज उघडला की खिचडीच दिसायची. एका दुपारी तिने लीलाकाकूंची खिचडी रूथमावशींच्या डब्यात भरली आणि पाठवून दिली.

"अगं, हे बरं दिसतं का?" मी म्हटलं.

"मग तुम्ही खा," ती म्हणाली. मी डब्याचं झाकण लावून दिलं.

रूथमावशी एकट्या राहतात आणि त्यांचं खाणं चिमणीचं. त्यांना वाटलं, सुमनच्या घरून अशा प्रसंगातही डबा भरून आला, केवढं मन! त्यांनी तो तसाच गुडघा धरून बसलेल्या साळवेकाकांकडे पोचवला. साळवेकाकांची दुसऱ्या दिवशी आमच्याकडे पाळी होती. आयती खिचडी घरात आल्यावर बायकोला कशाला त्रास द्यायचा, असा विचार करून त्यांनी ती गरम केली आणि घेऊन आले. लंगडत, दोन जिने चढून.

त्या वेळी पाळकसाहेब भेटीला आलेले होते आणि लीलाकाकू आईच्या पायांना तेल लावत होत्या. साळवेकाकांनी डबा उघडला. लीलाकाकूंचे हात थांबले. त्यांनी चमच्याने एक तमालपत्र उचललं आणि उजेडाकडे धरलं.

"हे माझं आहे."

"काकू, तमालपत्रावर काय नाव असतं का?" मी म्हटलं. माझा आवाज मलाच खोटा वाटला.

"देठ खुडलेलं आहे. मंडळीत देठ खुडून तमालपत्र मी एकटी घालते. ही परवाची माझी खिचडी आहे. साळवे, तुम्हाला कोणी दिली?"

"रूथने."

फोन लागला. रूथमावशी म्हणाल्या, "सुनीलच्या घरून आली." मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. लीलाकाकूंचं नाक लाल झालं. "मी पहाटे उठून केली होती," त्या एवढंच म्हणाल्या. त्या ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

तेवढ्यात पलंगावरून आवाज आला. मला वाटलं आईला उचकी लागली. आई हसत होती. पोट धरून, दुखत असताना, डोळ्यांतून पाणी येईतो हसत होती. आजारपणात पहिल्यांदा.

"लीला," ती म्हणाली, "मलाच नाय आवडत गं ती खिचडी."

आई पेठ तालुक्यातली, डोंगराकडची. लग्न होऊन शहरात आल्यावर तिने बोलणं घासूनपुसून घेतलं होतं, पण आजारपणात तिकडची भाषा परत आली होती.

"कधीपासून?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"पहिल्यापासून. चव तरी हाय का तिला?"

"मग आम्हाला का घातलीस इतकी वर्षं?" लीलाकाकूंनी विचारलं. त्यात राग कमी आणि कळकळ जास्त होती.

"तुमच्यातलं कोणी काही बोललं नाय. मला वाटलं, तुम्हाला आवडती." आई थांबली, दम घेतला. "आन् आता तुम्ही कामं टाकून आणता. कोणत्या तोंडाने नको म्हणू? डबा द्यायला सोपं असतं बाई. घ्यायला लय जड जातं."

लीलाकाकूंनी तिचे तेलकट पाय मांडीवर घेतले आणि त्या रडायला लागल्या. साळवेकाका भिंतीकडे बघत म्हणाले, "मला कावीळ झाली होती तेव्हा मी ती खिचडी खाऊन देवाला म्हटलं होतं, बरं कर, नाहीतर वर तरी ने." आई पुन्हा हसली.

"आई, तुला काय खावंसं वाटतंय?" मी विचारलं. मुलगा म्हणून हा प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता, पण मी अनुमोदन देण्यात गुंतलो होतो.

"नागलीची भाकर. आन् खुरासणीची चटणी, लसूण-मिरची घालून."

"पण ठराव खिचडीचा आहे," साळवेकाका म्हणाले. सवयीचा माणूस.

पाळकसाहेब खुर्चीत सरळ बसले. "वडील हजर आहेत. बैठक सुरू झाली असं समजा."

आईच्या पलंगाभोवती झालेली ती बैठक आमच्या मंडळीतली सगळ्यांत छोटी बैठक असावी. खिचडीचा ठराव रद्द करायची सूचना लीलाकाकूंनीच मांडली. "अनुमोदक?" म्हटल्यावर मी हात उचलला, पण आई म्हणाली, "ह्याला नको. ह्याने मागच्याला पण दिलं होतं." कोणी सांगितलं होतं तिला, देव जाणे. अनुमोदन साळवेकाकांनी दिलं.

दुसऱ्या दिवशी पेठच्या बाजारातून नागलीचं म्हणजे नाचणीचं पीठ आणि खुरासणी म्हणजे कारळे आले, आणि आमच्या स्वयंपाकघरात लीलाकाकू, रूथमावशी आणि एस्तेर असा तिघींचा मोर्चा उभा राहिला. शहरात वाढलेल्या बायका. पहिली भाकरी परातीतच मोडली. दुसरी तव्यावर जाताना रस्त्यात पडली. तिसरीचा आकार पाहून रूथमावशी म्हणाल्या, "हिला भाकरी म्हणायचं की माती?" आतून आईने हाक मारली, "पाणी उकळतं घेतलं का?" कोणीच घेतलं नव्हतं. मग आई उठते म्हणाली. मी आणि एस्तेरने धरून तिला ओट्याजवळ स्टुलावर बसवलं. ती नुसती बोटाने दाखवत होती, "मळ. अजून मळ. लीला, जोर लाव, मेलेल्याचे पाय चोळतेस का?" चौथी भाकरी फुगली. तिघी बायका एखाद्या नातवाचं बारसं असावं तशा तिच्याकडे बघत राहिल्या.

आईने चटणी लावून अर्धी भाकरी खाल्ली. नाक लाल झालं, डोळ्यांत पाणी आलं, आणि म्हणाली, "आता चव आली तोंडाला."

त्यानंतर ती रोज थोडं खात होती. वजनही थोडं वाढलं. ते पुरेसं नव्हतं. डॉक्टरांनी पुन्हा तपासलं आणि या वेळी "खाऊ घाला" म्हणाले नाहीत, "जे मागतील ते द्या" म्हणाले. फरक मला कळला. तिलाही कळला असावा. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाचा हात धरून ती म्हणायची, "लय केलं तुम्ही." यापूर्वी कोणाचे आभार मानायची वेळ तिने स्वतःवर येऊ दिली नव्हती, त्यामुळे हातही नवशिक्यासारखा घट्ट धरायची. उपकारस्तुतीच्या, म्हणजे देवाचे आभार मानायच्या रविवाराच्या आधीच्या शुक्रवारी सकाळी ती गेली.

कब्रस्तानातून परत आलो तेव्हा ओटा डब्यांनी भरलेला होता. ज्या घरात माणूस गेलं त्या घरात चूल पेटवायची नाही, जेवण मंडळी आणते. पुलाव होता, मटणाचा रस्सा होता, नागलीच्या भाकऱ्या होत्या, आता न मोडणाऱ्या. सगळ्यांत मीठ होतं. मी एकेक झाकण उघडत गेलो आणि शेवटचं झाकण उघडल्यावर मला कळलं की मी काय शोधतोय. खिचडी कोणीच आणली नव्हती. मला इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं.

मग मी रीत मोडून गॅस पेटवला. कोणी अडवलं नाही. तांदूळ, मूगडाळ, हळद. मऊ होईतो शिजवली आणि बाहेर आणून ठेवली. पाळकसाहेबांनी एक चमचा घेतला आणि डोळे मिटले. बराच वेळ मिटलेले होते. मला वाटलं, प्रार्थना करताहेत.

"सुनील," ते म्हणाले, "अगदी तशीच झालीय."

मिठाची बरणी समोरच होती. मंडळीने ती खिचडी शेवटच्या शितापर्यंत खाल्ली, आणि बरणीला कोणी हात लावला नाही.

ते सगळं पाहून माझा एक गैरसमज झाला. मला वाटलं, आईची सेवा आता आपण पुढे चालवावी. गेल्या आठवड्यात रूथमावशींना ताप आल्याचं कळलं. मी उत्साहाने डबा भरला, निघतो म्हणून फोन केला, आणि पोचलो तर दाराला कुलूप.

"दवाखान्यात नेलं का?" मी घाबरून शेजारणीला विचारलं.

"नाही हो," ती म्हणाली, "तुमचा फोन आला आणि त्या बऱ्या झाल्या. भाजी आणायला गेल्यात."