पडद्यावरचा लाल शालू

तुम्ही दोघांनी पत्रात लिहिलेत की तिकडे एका चित्रपट महोत्सवाला गेला होतात, गळ्यात ओळखपत्र अडकवून, आणि सिनेमे पाहण्यापेक्षा मेजवान्यांतच जास्त वेळ गेला. शेवटी विचारलेत, "आजी, तुला असलं काही ठाऊक आहे का?" आहे. मी अशा एकाच उत्सवाला गेले आहे, तोही कोल्हापुरात, आणि प्रेक्षक म्हणून नव्हे, कंपनीची माणूस म्हणून. क्रमाने सांगते.

महाराजांच्या कारकिर्दीची ती शेवटची वर्षे होती. मी मुलींच्या शाळेत शिकवत होते आणि गावात इंग्रजी येणाऱ्या ज्या थोड्या बायका होत्या त्यांत माझी गणना होई. त्याच सुमारास गावात सिनेमाची एक कंपनी निघाली होती. सिनेमा मुका होता. पात्रे काय बोलतात ते मध्ये मध्ये काळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत लिहून दाखवत, वर मराठी, खाली इंग्रजी. इंग्रजी मजकूर मी लिहीत असे. वडिलांनी एकच अट घातली होती, की कागद घरी येतील, मी कंपनीत जाणार नाही. ही अट दोन महिने टिकली. मग पाटी रंगवणाऱ्या मास्तरांनी एक अख्खी ओळ गाळली, आणि तेव्हापासून तपासणीसाठी मी दर शनिवारी कंपनीत जाऊ लागले.

तिथे माझी ओळख राणीशी झाली. कंपनीत तिला सगळे राणीच म्हणत, कारण खेळात ती राणीचे काम करी. ती गारगोटीकडची. तिची आई गाणारी होती. त्या काळी घरंदाज बायका सिनेमात काम करत नसत, आणि जी करी तिला कुणी घरंदाज म्हणत नसे. राणीला सात वर्षांची मुलगी होती. ती मुलगी आमच्या शाळेत घालावी, एवढे एकच मागणे तिने माझ्याकडे केले होते.

शाळेत कुणाला घ्यायचे हे बाईसाहेब ठरवत. त्या एका सरदारांच्या पत्नी, शाळेच्या आश्रयदात्या. बोलणे रोखठोक, आवाज मोठा. घरात गोषा होता, म्हणून त्यांची गाडी लाल पडद्यांची होती आणि गाडीवानाचा फेटाही तसाच लालभडक. गाडी बिंदू चौकात शिरली की रंकाळ्यापर्यंत कळे, असे लोक गमतीने म्हणत. मी राणीच्या मुलीचा विषय काढला तेव्हा त्या म्हणाल्या, "आधी बघू दे ती बाई पडद्यावर काय करती ते. मग सांगते."

त्यांना सिनेमाचे वावडे नव्हते. उलट खेळातल्या राणीच्या लग्नासाठी त्यांनी स्वतःचा लग्नातला शालू मोलकरणीबरोबर पाठवला होता. कुंकवासारखा लाल, हातभर पदर, सगळा जरीचा. "राणीच्या अंगावर भाड्याचं लुगडं नको," असा निरोप होता. चित्रण झाल्यावर शालू परत करायचे काम माझ्याकडे आले. मी तो दोन दिवस सावलीत वाळवला, वाळ्याची पुडी घातली आणि जुन्या घड्या हुडकून अगदी त्याच रेघांवर मोडून ठेवला. तुम्हाला माझी कपाटे माहीत आहेत. या घड्या लक्षात ठेवा.

खेळांचा उत्सव तीन दिवसांचा ठरला. मुंबई-पुण्याकडचे थेटरवाले आले होते. त्यांनी आमचे खेळ घ्यावेत म्हणून हा सगळा खटाटोप. दुपारी दारे-खिडक्यांना काळे कापड लावून खेळ, म्हणजे बायकांना दिवेलागणीच्या आत घरी जाता यावे. पुरुष पडद्याच्या पुढे बसत, बायका मागे. पडदा पाणी मारून ओला केला की चित्र मागूनही दिसे, फक्त उलटे. अक्षरेही उलटी. म्हणून बायकांना पाट्या वाचून दाखवायला कुणीतरी लागे आणि ते काम माझे होते. मला वाचावे लागतच नसे, सगळ्या पाट्या पाठ होत्या. मशीनचा दांडा फिरवायला एक चाचा होते. मूळचे मलकापूरचे, पूर्वी घड्याळे दुरुस्त करत. दर खेळाआधी ते मनाशी अंक मोजून हात सरावून घेत.

पहिल्या दिवशी दारातच आमच्या छायाचित्रकार मास्तरांनी यंत्र लावले होते. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याचे ते चित्र घेत होते. मुंबईचे एक शेठ तर दोनदा आत आले, पहिल्या खेपेला टोपी नीट बसली नव्हती म्हणून.

खेळ चांगला चालला होता. बायका माझ्या आवाजाकडे कान देऊन होत्या. मग लग्नाचा देखावा आला. राणी बोहल्यावर उभी राहिली, आणि माझ्या मागून कुणीतरी म्हणाले, "अगं बाई, काळं नेसून?"

तुम्हाला समजावून सांगायला हवे. त्या काळच्या फितीला लाल रंग कळत नसे. लाल वस्तू पडद्यावर काळी उतरे. कंपनीत हे सगळ्यांना माहीत होते, आणि इतके माहीत होते की आम्ही ते विसरलो होतो. कुंकू काळे दिसले तरी आम्हांला कुंकूच दिसे. लाल शालू आला तेव्हा छायाचित्रकार मास्तर खूशच झाले होते, पांढऱ्या मंडपापुढे तो गडद उठून दिसेल आणि जर चमकेल म्हणून. तशी ती चमकलीही. पण आमच्यापैकी एकालाही सुचले नाही की जिने आयुष्यात सिनेमा पाहिला नाही तिला तिथे काळ्या लुगड्यातली नवरी दिसेल.

बाईसाहेब बायकांत पुढच्या रांगेत बसल्या होत्या. खेळ संपल्यावर उठताना त्या म्हणाल्या, "माझा शालू कुठं गेला मास्तरीणबाई?"

"तोच आहे बाईसाहेब. लाल रंग पडद्यावर..."

"मला लाल आन् काळं कळत न्हाई व्हय? शालू माघारी आला तवा घडीसुद्धा मोडलेली न्हवती. नेसलाच न्हाई तुमच्या बाईनं. त्यो बाजूला ठेवला, काळं नेसून बोहल्यावर चढली, आन् वर तुम्ही मला सांगताय की माझाच हाय!"

मी शालू घडी करून दिल्याचे सांगितले. त्यांनी विचारले, "इतकी जुळवून घडी कोण घालतं?" मी घालते, हे त्यांना खोटेच वाटले असते.

त्या गेल्या. जाताना मोलकरणीजवळ म्हणाल्या, पण मला ऐकू येईल अशा बेताने, "लबाडाच्या पोरी माझ्या शाळेत नकोत."

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या मालकांकडे चहापान होते. इंग्रजी पद्धतीने टेबले मांडली होती, पण खुर्च्या कमी पडल्या म्हणून अर्धे लोक सतरंजीवर. मुंबईचे शेठ बिस्किटाच्या आधी तिखट मागत होते. एका पाहुण्याने तिथेच सर्वांसमोर आपल्या थेटराच्या खुर्च्यांचे वर्णन सुरू केले आणि ते संपवले नाही. मालकांनी मला पुढे बोलावून शेठना सांगितले की इंग्रजी पाट्या हिच्या. शेठ कप हातात धरून थांबले.

"ह्या? ह्या बाई?"

"होय," मी म्हणाले.

"आमच्याकडं इंग्रजी वाचतंय कोण! पण असलेलं बरं. पडदा भारी दिसतो."

ही माझ्या इंग्रजीची मला मिळालेली पहिली पावती.

राणीला चहापानाला बोलावले नव्हते. तिच्या नावाने पाहुणे येत, पण ती पाहुण्यांत बसत नसे, अशी रीत होती. ती मागच्या खोलीत, जिथे फीत मोठ्या लाकडी चक्रावर गुंडाळून वाळवत, तिथे बसली होती. मी तिला घडलेले सांगितले. काही गाळले नाही.

ती म्हणाली, "माझ्या पोरीचं नशीब बगा की ताई. तिची आई लबाड, ते पण शालू नेसल्यापायी. न नेसता लबाड झाले असते तर एक बरं हुतं."

"मी पुन्हा एकदा सांगून बघते."

"सांगून कोण ऐकतंय? दाखवाय पायजे." तिने चक्राकडे बोट केले. ओल्या फितीचे वळसे वाळत होते. "काल मास्तरांनी दारात मशीन फिरवलं न्हवं? बाईसाहेबांची गाडी आली तवा मी माडीवरनं बघत हुते. गाडी यंत्रापुढनंच गेलती."

गाडी लाल, पडदे लाल, फेटा लाल. मला हे सुचायला हवे होते. सुचले नाही.

अडचण एवढीच होती की पाहुण्यांची ती फीत तिसऱ्या दिवशी खेळाआधी दाखवायची असली तरी मालकांना त्यात फक्त थेटरवाल्यांचे चेहरे हवे होते. गाडीचा तुकडा कापायचे ठरले होते. राणी तशीच उठून बाहेर गेली आणि टेबलांपासून चार हातांवर थांबली. मालक उठून तिच्याकडे आले.

"मालक, गाडी ठेवा."

"अगं, पडद्यातली गाडी! त्यात दिसतंय काय?"

"गाडीच दिसू द्या. तीन खेळ केले, काय मागितलं न्हाई म्या. शेठजींची दुसरी खेप कापा की. टोपी येकदा दिसली तरी पुरं हाय."

मालकांना हसू आले. मला वाटते त्या हसण्यामुळेच ते कबूल झाले.

तिसऱ्या दिवशी बाईसाहेब येतील की नाही याची मला खात्री नव्हती. त्या आल्या. राग असला तरी ठरलेले मोडणाऱ्यातल्या त्या नव्हत्या. माझ्याकडे न पाहता पुढच्या रांगेत बसल्या. पडद्याच्या पलीकडे पुरुषांचा गलबला चालू होता. चाचांनी दांडा फिरवायला घेतला. एकेक पाहुणा दारातून आत येऊ लागला, तसे पलीकडून त्याच्या नावाचे ओरडे ऐकू येऊ लागले. मग घोडे आले, आणि मागे एक काळीकुट्ट गाडी. काळे पडदे. वर मिशीला पीळ देत बसलेला, काळा फेटा बांधलेला गाडीवान.

पाठीमागे कुणीतरी म्हणाले, "ही कुणाची गं गाडी?"

मग बाईसाहेबांची मोलकरीणच ओरडली, "अवो, ह्यो तर आमचा गाडीवान! ह्याच्या फेट्याला डांबर कुणी फासलं?"

बायका हसल्या. बाईसाहेब हसल्या नाहीत. गाडी उजवीकडून डावीकडे जाऊन नाहीशी झाली. त्या मला म्हणाल्या, "परत दाखवाय सांगा."

मी पडद्याच्या कडेने चाचांना खूण केली. मुख्य खेळ खोळंबवून एक तुकडा पुन्हा लावणे सोपे नसते, पुरुषांकडून शिट्ट्या आल्या. पण चाचांनी लावला. गाडी पुन्हा गेली. या वेळी बाईसाहेब फेट्याकडे नव्हे, पडद्यांकडे पाहत होत्या. त्या पडद्यांच्या आत त्या स्वतः बसल्या होत्या.

"म्हंजे आत मी लालच," त्या म्हणाल्या.

"होय बाईसाहेब."

"आन् घडी?"

"ती मी घातली."

त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिले. माझ्या लुगड्याच्या निऱ्यांकडेही पाहिले असावे. मग म्हणाल्या, "सोमवारी पोरीला घेऊन या. तुम्ही आणायची, तुम्ही पोचवायची. तिच्या आईनं शाळेच्या दारात पाय ठेवायचा न्हाई. बाकीच्यांनी पोरी काढून घेतल्या तर मला शाळा बंद करावी लागंल."

मला तेव्हा आणखी बोलता आले असते. राणीने काही लबाडी केली नव्हती हे आता सिद्ध झाले होते, मग ही अट कशासाठी, एवढे तरी विचारता आले असते. पण एका वेळी एकच गोष्ट मागायची ही माझी सवय. मुलगी मिळाली, त्यावर मी थांबले. पुढे मागू असे म्हणाले आणि पुढे कधी मागितले नाही. हे मी इथे लिहून ठेवते, कारण तुम्हांला मी नेहमी व्यवस्थितपणाचे गुण सांगत आले आहे.

राणीला अट सांगितली तेव्हा ती म्हणाली, "बरं." मग विचारले, "पाटी कंची आणायची? मोठी का बारकी?"

थेटरवाल्यांनी आमचे खेळ घेतले. मुलगी शाळेत आली. रोज सकाळी मी कोपऱ्यावरून तिला घ्यायची आणि संध्याकाळी तिथेच सोडायची. आईने तिला हुपरीच्या चांदीचे वाळे घातले होते, ते वर्गात वाजत म्हणून पहिल्याच दिवशी मी काढून पिशवीत ठेवले. वर्षभर राणीने कोपरा ओलांडला नाही.

बाईसाहेबांना मात्र सिनेमाची गोडी लागली. वर्षअखेरीच्या बक्षीससमारंभाला त्यांनीच छायाचित्रकार मास्तरांना बोलावून घेतले. मुलींची रांग, कवायत, बक्षिसे, सगळे त्यांनी फितीवर घेतले. ती फीत कंपनीत चाचांनी पहिल्यांदा लावली त्या शनिवारी मी पाट्या तपासायला गेले होते. राणी माझ्याशेजारी बसली होती. या वेळी पडद्याच्या पुढे, कारण तिथे आम्हीच होतो.

शाळेचे दार दिसले. मग पटांगण, मग आमचा वर्ग. ती जागा राणी पहिल्यांदा पाहत होती. मुलगी रांगेतून पुढे आली, दोन वेण्या, त्यांना दोन काळ्या रिबिनी. तिने वाकून पुस्तक घेतले आणि कॅमेऱ्याकडे बघू नको असे शिकवलेले असूनही बघितले.

राणी पुढे वाकली.

"ताई, डावीकडची लाल रिबीन सुटाय लागलीया बगा," ती म्हणाली. "सकाळी चांगली घट्ट बांधून दिलती की मी."