निवृत्त प्राचार्यांच्या फोनवरचा ओटीपी

अंतर्गत गुण भरायची मुदत त्या दिवशी संध्याकाळी पाचला संपत होती आणि धम्मशीला सकाळपासून एकाच पानावर अडकली होती. जळगाव जामोदच्या एका लहानशा कला महाविद्यालयात ती कंत्राटी संगणक सहायक होती. अकरा-अकरा महिन्यांच्या आदेशांवर तिची आठ वर्षं गेली होती. बिघडलेला प्रिंटर, परीक्षेचे फॉर्म, प्राध्यापकांचे विसरलेले पासवर्ड, सगळं तिच्याच गळ्यात.

विद्यापीठाचं पोर्टल या सत्रात नवं आलं होतं. गुण भरण्याआधी त्याला ओटीपी हवा होता आणि तो जात होता प्राचार्य किसनराव वानखडे यांच्या फोनवर. किसनरावांना निवृत्त होऊन दीड वर्ष झालं होतं. त्यांचा फोन तीन दिवस बंद लागत होता. नंबर बदलून द्या म्हणून तिने विद्यापीठाला चार मेल पाठवले. एकाचंही उत्तर नाही.

प्रभारी प्राचार्य पंजाबराव तिसऱ्यांदा दारात आले. "झालं का वं?"

"नाई सर. मी वडनेरले सरांच्या घरीच जाऊन येते."

"अजून एकडाव फोन लावून पाय ना."

"तीन दिवसांपासून तेच करून राह्यली, सर."

लॅपटॉप पाठीला लावून तिने स्कूटी काढली. नांदुऱ्यात ट्रकांच्या मागे अडकली तेव्हा तिने चार वेळा घड्याळ पाहिलं. शेवटच्या वर्षाची एकशे अठरा पोरं. गुण गेले नाहीत तर सगळी नापास दिसणार, आणि मग त्यांचे आईबाप तिच्याच टेबलासमोर उभे राहणार.

वडनेर भोलजीला पोचली तेव्हा दोन वाजून गेले होते. दार केसरबाईंनी उघडलं, किसनरावांच्या पत्नीने. सर वावरात गेले होते, आणि मुलीने दिलेला नवा फोन घरीच चार्जिंगला. जुना, बटणांचा फोन केसरबाईंकडे होता.

"काकू, तो फोन बंद काऊन आहे?"

"तीन दिवसांआधी नुसते आकडे येऊन राह्यले होते त्याच्यावर. असे आकडे मांगून लोकं ब्यांक खाली करतात म्हने. म्या बंदच करून टाकला."

"ते आकडे मीच पाठवत होती, काकू. कॉलेजच्या कामाचे आहेत. मले फक्त सांगा."

"असंच गोड बोलतात सारे. हे आल्याशिवाय मी नाई सांगत, पोरी. तू पानी पे."

धम्मशीलाला राग आला आणि त्याच वेळी कळलंही, की बाई चुकत नाहीत. कॉलेजात पोरींना ती स्वतः हेच सांगत होती. समोर आलेलं पाणी तिने तसंच ठेवलं. ओसरीवर येरझारा घातल्या, कोपऱ्यापर्यंत जाऊन पाहिलं, परत आली. तीन वाजले. सव्वातीन.

साडेतीनला किसनराव आले. सगळं ऐकून डोक्याला हात लावून बसले. "कॉलेजचा स्वतःचा मोबाइल नव्हता, म्हनून विद्यापीठाच्या नोंदीत माहा नंबर टाकला होता. जाताना काढायचा राहूनच गेला." मग बायकोकडे वळून म्हणाले, "सांग तिले. आपलीच पोरगी आहे."

केसरबाईंनी फोन चालू केला, चष्मा लावला आणि एकेक आकडा मोठ्याने वाचला. पान उघडलं. पण हे पोर्टल दर दहा मिनिटांनी बाहेर काढत होतं. पुन्हा ओटीपी, पुन्हा चष्मा. गावात नेटवर्क तुटलं की भरलेली ओळ पुसली जाई आणि धम्मशीला ती पुन्हा भरे. चौथ्या वेळी केसरबाई आपणहून म्हणाल्या, "आला वं, लिही." पाचला आठ मिनिटं असताना एकशे अठरावं नाव हिरवं झालं.

त्याच पानावर खाली नंबर बदलायची सोय होती. मेल न करताच. तिने पंजाबरावांना फोन लावला. "सर, तुमचा नंबर टाकू?"

"माहा नको. मी प्रभारी आहे. उद्या दुसरं कोनी आलं तं?"

"मंग कोनाचा?"

"तुहाच टाक सध्या."

फोन कटला. तिचा चालू आदेश मे अखेरीला संपत होता. तिने स्वतःचा नंबर भरला, केसरबाईंनी वाचलेला शेवटचा ओटीपी टाकला आणि लॅपटॉप बंद केला. जूनमध्ये कोणी आपल्या घराचा पत्ता विचारत फिरेल का, हा विचार जळगाव जामोदपर्यंत तिच्या डोक्यातून गेला नाही.