चार सेकंदांची जागा

आई गेल्यावर काही आठवड्यांनी धाकट्या बहिणीने मला दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या तिच्या क्वार्टरवर बोलावलं. आईचं शेवटचं आजारपण तिथेच झालं. नाशिकचं घर बंद करून तिला दिल्लीला आणलं होतं ते बहिणीनेच. आईच्या मनात नव्हतं.

"दादा, हे ऐक."

लॅपटॉपवर आईचा आवाज आला. "पंखा कमी कर गं, पाय गार पडलेत." मग बहीण विचारते, "आई, तुला इथं आणलं म्हणून रागावलीस का माझ्यावर?" मागे कुकरची शिट्टी सुरू होते, अर्ध्यावर तुटते आणि पुन्हा तेच, "पंखा कमी कर गं, पाय गार पडलेत." पुढे आई एवढंच म्हणते, "जा, कुकर बघ आधी."

"मधलं उत्तर कुठंय?" बहीण म्हणाली. "ती फार हळू बोलली रे, त्यात ती शिट्टी. म्हटलं, नंतर निवांत ऐकू."

"फोनवर असेल."

"तो दिवाळीत एक्स्चेंजला दिला. त्याआधी सगळं डिस्कवर टाकलं, साइझ ताडून पाहिली. बिल्कुल बरोबर होती. तूच शिकवलंस ना तसं? मानेसरला हेच काम करतोस, आता काढ ना यार. डिलीट झालेलंसुद्धा परत मिळतं म्हणतात."

मी दिल्लीजवळ मानेसरला एका कंपनीत गाड्यांमधल्या कॅमेऱ्यांसाठी ड्रायव्हर लिहितो. ड्रायव्हर म्हणजे प्रोसेसर आणि कॅमेरा, डिस्क अशा उपकरणांत देवाणघेवाण करणारा प्रोग्राम. बहिणीने डिस्क ज्या पेटीत बसवून जोडली होती, ती बाजारातली एक स्वस्त पेटी. तिचा प्रोग्राम खुला होता, कुणालाही वाचता येईल असा. पेटी घरी नेऊन मी तो वाचला.

प्रोग्राम आधी माहितीचा तुकडा मेमरीत ठेवतो, मग डिस्कला 'उचल' असा इशारा देतो. पण वेग साधण्यासाठी प्रोसेसर हा क्रम मोडू शकतो. इशारा आधी पोचतो, तुकडा मागून. म्हणून दोन्हींच्या मध्ये एक ओळ लिहावी लागते: आधीचं पोचल्याशिवाय पुढचं करू नकोस. त्या पेटीच्या प्रोग्राममध्ये ही ओळ नव्हती. बहुतेक वेळा तिच्यावाचून निभावतं. त्या दिवशी एकदा निभावलं नाही. मेमरीत त्याच जागी आधीचा, पंख्याचा तुकडा पडून होता. डिस्कने तोच पुन्हा उचलला. लांबी तेवढीच, म्हणून साइझ जुळली.

रविवारी मी पेटी परत घेऊन गेलो. बहिणीने चहा टाकला होता.

"मिळालं?"

"पुसलेलं शोधता येतं गं. हे डिस्कवर कधी लिहिलंच गेलं नाही."

"म्हणजे कुठेच नाही?"

"कुठेच नाही."

"केवढं होतं?"

"चार सेकंद."

"चार सेकंदांत 'नाही गं, रागावेन कशाला' एवढं बसतं?"

मी मनातल्या मनात म्हणून पाहिलं. "आरामात बसतं."

"आणि 'हो, रागावलेय'?"

खोटं बोलायला हवं होतं. पण ते तिनेही मनात म्हणून पाहिलं असणार.

"तेही बसतं," मी म्हणालो.

तिने गॅस बंद केला. मग लॅपटॉप ओढून घेतला आणि रेकॉर्डिंग पुन्हा पहिल्यापासून लावलं.